बाटल्या सगळेच आणतात, टाकी कोण उपसणार?

मागच्या अंकात पुरानंतरच्या पाण्याबद्दल मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बहुतेकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, म्हणून नुसतं गाव नाहीतर तालुका टाकलाय.

प्रश्न : आमचं जुळे सोलापुरातलं गणेश मंडळ आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा वर्गणी काढून पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो भरला आणि माढा तालुक्यातल्या एका गावात नेला. तिथं आमच्या आधीच तीन टेम्पो उभे, तिन्हीत बाटल्याच. लोक म्हणाले, ठेवायला जागा नाही ओ आता. परत येताना कळलं की पलीकडच्या वस्तीवर दोन दिवस काहीच पोचलं नव्हतं. पोरं फार नाराज झाली. आम्ही विचारायचं कुणाला होतं?

उत्तर : पोरांना सांगा नाराज होऊ नका, तुमच्यासारखंच त्या आठवड्यात निम्म्या सोलापूरचं झालं. पूर आला की माणूस डोळ्यापुढं पहिलं काय आणतो, तर तहान. मग बाटली. बाटली घ्यायला सोपी, मोजायला सोपी, आणि खरं सांगू का, फोटोला पण बरी.

त्याच पुरात मी मोहोळ तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो, अडीचशेच्या आसपास माणसं मुक्कामाला. व्हरांड्यात बाटल्यांचे बॉक्स पार पत्र्याला टेकलेले. आणि शाळेच्या मागं दोन संडास, एकाची कडी तुटलेली, दुसरा तुंबलेला. बादली होती पण मग नव्हता, तर एका मावशीनं बाटलीचं तोंड कापून तिचाच मग केला होता. त्या ढिगाचा त्या दिवशी मला दिसलेला सगळ्यात चांगला उपयोग तोच. मी विचारलं संडासाचं कोण बघतंय, तर ग्रामपंचायतीवाले म्हणाले आरोग्यवाले बघतील, आरोग्यवाले म्हणाले शाळेचा आहे म्हणजे शाळेनं बघायचं, आणि गुरुजी म्हणाले मला तर धान्याच्या यादीवर बसवलंय. कोणीच कामचुकार नव्हतं बरं का, सगळे दोन दिवस झोपले नव्हते. फक्त ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं.

समन्वय समन्वय म्हणतात तो एवढाच असतो. एक माणूस, एक कागद, कागदावर चार खाने : कोण, काय, कुठं, कधी. जगभरात संकटाच्या ठिकाणी पाणी-स्वच्छतेचं काम करणारे लोक हाच तक्ता वापरतात, आता तो एक्सेलमध्ये भरतात एवढंच. तक्ता भरला की दोन गोष्टी आपोआप दिसतात, कुठल्या गावाला चार-चार नावं लागलीत आणि कुठला खाना रिकामा आहे. रिकाम्या खान्यात सहसा काय सापडतं? संडास, साबण, कचरा, साफसफाई. बाटल्यांचा खाना कधीच रिकामा नसतो.

आता तुमचा प्रश्न, विचारायचं कुणाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, त्यानुसार जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात, म्हणजे तो कागद शेवटी त्यांच्या टेबलावर असायला पाहिजे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. तो लागला नाही तर तालुक्याचं तहसील ऑफिस, आणि गावात पोचल्यावर तलाठी किंवा ग्रामसेवक. पण विचारायची पण एक पद्धत आहे. "साहेब काय पाहिजे?" असं विचारलं की समोरचा थकलेला माणूस म्हणतो "आणा काय आणायचं ते", की तुम्ही परत बाटल्याच आणणार. त्यापेक्षा असं म्हणा, "आमच्याकडं एक टेम्पो आणि बारा पोरं आहेत, तीन दिवस देऊ शकतो, कुठं कमी पडतंय?" बारा पोरं म्हटलं की त्याला एकदम आठवतं की अमुक गावात आडातला गाळ काढायला माणूस नाही.

आणि बाटल्यांचं गणित एकदा मांडून बघाच. 'स्फीअर' नावाचे आपत्तीतल्या मदतीचे किमान निकष आहेत, ते सांगतात माणशी दिवसाला १५ लिटर, त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ-हातपाय सगळं आलं. पाचशे माणसांना झाले ७,५०० लिटर. तुमच्या टेम्पोत बारा बाटल्यांचे दोनशे बॉक्स बसले असं धरलं तरी २,४०० लिटर, तेही एकदाच. दहा हजार लिटरचा एक टँकर रोज आला तर काम झालं, आणि त्या टँकरला जोडून लागतात झाकणाच्या टाक्या, नळ, घागरी, पाणी घ्यायचे मग. तुमच्या पैशात हे सगळं आलं असतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र बिनधास्त न्या, ती टिकते, तिच्यावर माझं काही म्हणणं नाही.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे, मोहोळ तालुका. पूर ओसरल्यावर आमच्या विहिरीत सकाळी आरोग्य विभागानं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, दुपारी एका संस्थेनं टाकलं आणि संध्याकाळी गावातल्या पोरांनी उरलेली अर्धी पिशवी ओतली. पाण्याला इतका वास की कुणी तोंडाला लावेना, बाया शेजारच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी आणायला लागल्या, ते बोअर पण पुरात बुडलेलं होतं. किती टाकायचं असतं आणि कुणी?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तिघांनी चांगल्या मनानं केलं आणि गाव शुद्ध पाणी सोडून घाण पाण्याकडं गेलं. समन्वय नसला की नुसता खर्च डबल होतो असं लोकांना वाटतं, पण असं उलटं पण होतं.

आधी किती ते सांगतो. आपल्याकडं नेहमीचा हिशोब १,००० लिटरला ५ ग्रॅम, पावडर ३३ टक्के क्लोरीनची असेल तर. विहिरीत पाणी किती आहे ते असं काढा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ०.७८५ नं गुणा, आणि मग १,००० नं गुणा की लिटर आले. तुमची विहीर ६ मीटर रुंद आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण १ लाख १३ हजार लिटर. म्हणजे टीसीएल लागलं साधारण ५६५ ग्रॅम. अर्धा किलोच्या जरा वर! आणि पोरांनी अर्धी पिशवी ओतली.

पावडर कोरडी फेकायची नाही, बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरायची, ढवळायची आणि थांबायचं. चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडायचं, खालचा चुना नाही. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट करायची, म्हणजे नळीत पाणी घेऊन त्यात ओटीचं औषध टाकायचं, नळीतलं पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे, रंगाच्या पट्टीशी जुळवून बघायचं. घरातल्या नळाला, घागरीला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम एका लिटरमागं असलं की बास. पांढरंच राहिलं तर परत थोडं टाका. आणि पिशवीवरची तारीख बघा हो, उघड्या पिशवीतली, दमट खोलीतली पावडर महिन्यामहिन्यानं मरत जाते, २० टक्क्यांच्या खाली गेलेली वापरायचीच नाही. पुष्कळ ठिकाणी टीसीएल ग्रामपंचायतीच्या कपाटात फायलींशेजारी असतं, कपाट गंजतं आणि टीसीएल मरतं.

हे सगळं मात्र नेहमीच्या विहिरीचं झालं. पुराचं पाणी आत गेलेलं असेल तर नुसतं टीसीएल टाकून भागत नाही, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. आधी मोटर लावून उपसा, गाळ काढा, कडा धुवा, नवीन पाणी येऊ द्या, मग पहिल्यांदा जास्तीचा डोस, ते पाणी प्यायचं नाही, परत उपसायचं, आणि मग रोजचा डोस. तोवर टँकर, आणि टँकरच्या पाण्यात पण क्लोरीन आहे का बघायचं, टँकर कुठून भरला हे ड्रायव्हरला विचारायला लाजू नका.

आता कुणी टाकायचं. तुमच्या गावात जलसुरक्षक आहे. बहुतेक गावात तो ग्रामपंचायतीचा शिपाईच असतो, नळ सोडणारा, त्याला सगळे नावानं हाक मारतात आणि कुणी किंमत देत नाही. पावडर कुणीपण आणू दे, टाकणार तो एकटा. विहिरीच्या काठाला एक वही बांधून ठेवायची, तारीख, वेळ, किती ग्रॅम, ओटी पिवळी का पांढरी. बाहेरून संस्था आली की आधी वही दाखवायची. मी एका गावात बघितलंय, पोरांनी वहीऐवजी पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, "आज टाकलंय, परत टाकू नका". एवढ्यानं सुद्धा काम झालं.

प्रश्न : मी सोलापुरात समाजकार्य शिकतोय. आम्हाला 'क्लस्टर पद्धत' आहे अभ्यासाला. पण पुराच्या वेळी सोलापुरात क्लस्टर वगैरे काही दिसलं नाही, मग हे फक्त पुस्तकात आहे का? आणि वॉश म्हणजे नक्की काय?

उत्तर : वॉश म्हणजे पाणी, स्वच्छता (संडास, मैला, कचरा) आणि हायजीन (हात धुणं, अंगाची स्वच्छता), तिन्हींच्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं घेऊन केलेला शब्द, इंग्रजीत त्याचा अर्थ धुणं असाही होतो.

क्लस्टर पुस्तकातला नाही. २००४ च्या शेवटी त्सुनामी आली, इंडोनेशियातल्या आचेमध्ये शेकड्यानं संस्था उतरल्या आणि कोण कुठं काय करतंय ते कुणाला कळेना. त्यानंतर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतयंत्रणेनं ठरवलं की एकेका विषयाला एक पुढारी संस्था, पाणी-स्वच्छतेला युनिसेफ. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानात भूकंप झाला तिथं ही पद्धत पहिल्यांदा वापरली. पुढारी म्हणजे मालक नव्हे हं. बाकीच्या संस्था त्याच्या नोकर नसतात, त्याच्या हातात असतो तो तक्ता, आणि जे काम कुणीच उचललं नाही ते शेवटी आपल्या अंगावर घ्यायची जबाबदारी. मला त्यातली ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, परीक्षेत लिही. तिथं समन्वय बघणाऱ्या माणसानं आपल्याच संस्थेची बाजू घेतली की सगळं बिघडतं, म्हणून शक्यतो त्याला दुसरं काम देत नाहीत, तो फक्त समन्वयच बघतो.

सोलापुरात दिसलं नाही कारण आपल्याकडं सरकारच पुढारी आहे. १९९१ चा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव आहे, ४६/१८२, त्यातच म्हटलंय की ज्या देशात संकट आलं तिथल्या सरकारची पहिली जबाबदारी. क्लस्टर लावतात ते जिथं सरकारला एकट्यानं झेपत नाही तिथं. आणि निर्वासितांचा विषय असला तर परत वेगळं, तिथं निर्वासितांची संस्था, यूएनएचसीआर, पुढं असते. २०१७ ला बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्या आले तिथं क्लस्टर नव्हता, वेगळी रचना होती. तिथलं एक उदाहरण लक्षात ठेव. सुरुवातीच्या घाईत प्रत्येकानं आपापले हातपंप आणि आपापले संडास काढले, पंप उथळ, संडास त्याला खेटून. आकडे भराभर वाढले आणि नंतर त्यातले कित्येक बंद करून परत बांधायला लागले. आकड्यावर खूश होणाऱ्या मास्तरांना हे सांग, नाहीतर नको सांगू, मार्क जातील.

प्रश्न : आमचा बचत गट आहे, दक्षिण सोलापूर. पुरात मंगल कार्यालयात चारशे लोक होते. संडास सहा, बाया-पुरुष एकच रांग. रात्री बाया जायच्याच नाहीत, दिवसभर पाणी कमी प्यायच्या. पॅड तीन ठिकाणाहून आले, वापरून टाकायचे कुठं ते कुणी सांगितलं नाही, मग गटारीत. हे बोलायचं कुणाकडं, पुरुष अधिकाऱ्याला कसं सांगायचं?

उत्तर : ताई, असंच सांगायचं जसं मला लिहिलंत.

आकडे तुमच्या हातात असू द्या म्हणजे बोलणं सोपं जातं. स्फीअरचा निकष २० माणसांना एक संडास, अगदी पहिल्या काही दिवसांत ५० ला एक चालवून घेतात. आणि बायकांचे तीन तर पुरुषांचा एक. चारशे लोकांना वीस लागतात, त्यातले पंधरा बायकांचे. सहा म्हणजे पहिल्या दिवसाच्या हिशोबानं पण कमीच, आठ तरी पाहिजेत. मुक्कामाच्या जागेपासून ५० मीटरच्या आत, आतून कडी, आणि दिवा. हे नियम साहेबी थाटात कुणी टेबलावर बसून केलेले नाहीत. १९९४ ला रवांडातून पळालेले लाखो लोक काँगोतल्या गोमा गावाजवळ थांबले, खाली ज्वालामुखीचा काळा दगड, खड्डा खणता येईना, जवळपास ५० हजार माणसं कॉलरा आणि हगवणीनं गेली, त्यानंतर मदत करणाऱ्यांनीच बसून ठरवलं की किमान एवढं तरी पाहिजेच.

पण संडास वाढवले की माझा पुढचा प्रश्न तयार असतो, उपसणार कोण? आषाढीला पंढरपुरात बघा, तात्पुरते संडास नुसते आणून ठेवून भागत नाही, त्याला पाणी लागतं, मैला उपसणारी गाडी लागते, ती गाडी गर्दीतून आत जाईल असा रस्ता सोडावा लागतो, आणि दर तासाला आत डोकावणारा माणूस लागतो. वारीची तारीख ठरलेली असते म्हणून हे आधी ठरतं. पुराला तारीख नसते. आणि उपसलेला मैला कुठं नेऊन टाकला हे विचारणं सगळ्यात महत्त्वाचं. हैतीत २०१० च्या जानेवारीत भूकंप झाला, ऑक्टोबरात कॉलरा आला, भूकंपानं नाही, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका छावणीचा मैला नदीत गेला त्यानं. जवळपास दहा हजार माणसं मेली. मदतीला म्हणून आलेल्यांची छावणी होती ती!

पॅडचं सांगतो. तीन संस्थांनी पॅड दिले म्हणजे तक्त्यात "पॅड : झालं" अशी तीनदा टिक. झाकणाची बादली, कागद, जाळायची किंवा पुरायची जागा, धुवायला आडोसा, ओल्या कपड्यात बसलेल्या बाईला बदलायला चड्डी, या कशालाच टिक नाही. आणि काही जणींना पॅड नको असतो, कापड पाहिजे असतं, ते विचारलं का कुणी? कुणी विचारलं असतं तर तुमच्याच गटातल्या कुणीतरी विचारलं असतं. म्हणून पुढच्या वेळी कार्यालय उघडलं की पहिल्या संध्याकाळी तुमच्यातल्या दोघींची नावं लिहून द्या, संडास-न्हाणीचं या दोघी बघणार म्हणून. आशाताईंना बरोबर घ्या. अधिकाऱ्याला सगळं तोंडी सांगायला जड जात असेल तर चिठ्ठी लिहा : "बायकांचे वेगळे संडास ०, पाहिजेत १५, दिवा नाही, कडी १ तुटलेली, झाकणाच्या बादल्या ४ पाहिजेत." लिहून दिलं की लाजायचं काम राहत नाही, अधिकाऱ्याला पण बरं पडतं, तो सुद्धा लाजतच असतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, पंढरपूर. तुम्ही समन्वयाचं फार कौतुक करता. आमचा अनुभव असा की मीटिंगा होतात, चहा होतो, आणि माणूस पाण्यातच. कामाला लागायचं सोडून बसायचं कशाला?

उत्तर : सर, निम्मं तुमचं बरोबर आहे आणि ते मी भांडण न करता मान्य करतो. वाईट मीटिंग ही पुरापेक्षा लांबते. हैतीतच घ्या, समन्वयाच्या बैठका व्हायच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, विमानतळाजवळ, बहुतेक इंग्रजीत. हैतीतला माणूस बोलतो क्रियोल. म्हणजे ज्यांचं गाव पडलं त्यांनाच आत जायला अवघड आणि आत गेलं तर कळायला अवघड. आपण हसायचं कारण नाही, अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या म्हातारीला आपण "बाधित कुटुंबांनी निर्जंतुकीकरण केलेल्या पेयजलाचाच वापर करावा" असं लाऊडस्पीकरवरून ऐकवतो.

तरी पण मीटिंग बंद करून काय होईल? परत वरचा माढ्याचा टेम्पो आणि मोहोळची विहीर. माझ्या मते बसायचंच नाही, उभ्यानं घ्यायची, संध्याकाळी एक वेळ ठरवून, वीस मिनिटं, तहसीलच्या आवारात नाहीतर चावडीपुढं. प्रत्येकानं भाषण न करता तीन वाक्यं बोलायची, आज काय केलं, उद्या कुठं जाणार, काय कमी आहे. "आमच्या संस्थेची स्थापना" असं सुरू झालं की थांबवायचं. व्हॉट्सअॅप ग्रुप ठेवा पण त्यावर फक्त गावाचं नाव आणि काम, सुप्रभात टाकणाऱ्याला काढून टाकायचं, मग तो कितीही मोठा असू दे. आणि ते तक्त्याचं काम अशा माणसाला द्या ज्याला सगळे ओळखतात आणि ज्याला स्वतःला काही वाटायचं नाहीये. बऱ्याच वेळा तो निवृत्त शिक्षक असतो, सर.

प्रश्न : ओटी टेस्टचं औषध कुठं मिळतं? (बार्शी)

उत्तर : गावच्या जलसुरक्षकाकडं असतं, नाहीतर आरोग्य उपकेंद्रात. मागून बघा. बाटली दाखवतील, ती हलवून बघा आत काही आहे का.